पंचनाम्यात न बसणारी कमाई

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात पंचनामे चालू असताना मी तिथे होते. टाळेबंदीचे दिवस, वीज नाही, फोन लागत नाही, कितीतरी घरांवर ताडपत्री. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक वाड्यांमधून फिरत होते आणि पडलेल्या पोफळी, पडलेले माड मोजत होते. काम मनापासून चालले होते, हे आधीच सांगते. एका वाडीच्या कुंपणाशी पन्नाशीची एक बाई बराच वेळ उभी होती. शेवटी तिने विचारले, “आमचं काय लिहिलंत?” कृषी सहायकाने मान वर करून विचारले, “तुमचं काय पडलं, मावशी?”

बाई गप्प झाली. तिचे काहीच पडले नव्हते. पोफळी दुसऱ्याच्या, वाडी दुसऱ्याची. घराचे पत्रे उडाले होते, त्याची नोंद नवऱ्याच्या नावे झालेली होती. पण वाडीवाल्याकडून असोली सुपारी घरी आणायची, ती सोलायची आणि वजनावर मजुरी घ्यायची, हा या बाईचा कित्येक वर्षांचा धंदा होता. आजूबाजूच्या चार घरांतल्या बायका हेच करीत होत्या. पोफळ लावल्यापासून पाच-सात वर्षांनी धरते. म्हणजे वाडीवाल्याची पोफळ पडली त्या दुपारी या बाईची पुढच्या पाच-सात वर्षांची मजुरीही पडली. पण ती जमिनीवर आडवी पडलेली दिसत नाही, म्हणून मोजली गेली नाही.

हा लेख त्या न मोजलेल्या कमाईबद्दल आहे. आपत्तीनंतर कुटुंबांची रोजीरोटी किती आणि कशी मोडली याची पाहणी कशी करावी, ती कोणी करावी आणि तीत बाजाराचा विचार का हवा, यावर आपल्या स्त्री-संघटनांनी गंभीरपणे बोलायची वेळ आली आहे असे मला वाटते.

मालमत्ता मोजली, कमाई राहिली

पंचनामा ही मुळात मालमत्तेची मोजणी आहे. घर किती पडले, जमीन किती खरडली, जनावरे किती मेली, बोट फुटली की वाहून गेली. मोजलेल्या वस्तूचा मालक कोण ते कागदावर पाहिले जाते आणि मदत त्याच्या खात्यात जाते. निसर्ग वादळानंतर राज्य सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. पुढे तक्रारी झाल्यावर सुपारीच्या झाडामागे ५० आणि नारळाच्या झाडामागे २५० रुपये असा झाडाचा दर ठरला. दर पुरेसा होता की नाही हा वेगळा वाद. आपला प्रश्न असा की झाड गेल्यावर ज्यांचे काम गेले त्यांना या हिशेबात कुठे जागा होती?

कोकणात तर मालकाचाही घोळ असतो. सातबारावर आजोबांच्या वेळची दहा-पंधरा नावे, त्यातली निम्मी मुंबईला. सर्वांच्या संमतीशिवाय पैसे निघत नाहीत. वाडी प्रत्यक्षात सांभाळते ती गावात मागे राहिलेली सून किंवा विधवा भावजय. तिचे नाव एकतर नसते, किंवा असले तरी ‘इतर हक्कां’त. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन तीन दशके उलटून गेली. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी कायद्याची दुरुस्ती केली, २००५ साली ती देशभर झाली. तरीही आपत्ती येते तेव्हा तलाठ्याच्या हातातला कागद बहुतेक वेळा पुरुषाच्याच नावाचा असतो.

पण नाव लागले तरी प्रश्न संपत नाही. बाईच्या कमाईचा मोठा भाग मालमत्तेतून येतच नाही. तो नात्यांतून, ओळखींतून, उधारीतून आणि बाजाराच्या रस्त्यातून येतो. त्याच किनाऱ्यावरच्या कोळी बायकांचे पाहा. पंचनाम्यात बोट आणि जाळी यांना रकाना आहे आणि तो असायलाच हवा. पण वादळ आले ते पावसाळी मासेमारीबंदीच्या तोंडावर. त्या वेळी कोळणीच्या घरात काय असते? उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सुकट, जवळा. बोटी नांगरल्या की पावसाळ्यात घर चालते ते या सुक्या मासळीवर. ही तिची बँक आहे. छप्पर उडाले, पाऊस आत आला आणि दोन दिवसांत माल कुजला. एक कोळीण मला म्हणाली, “होडी गेली तर साहेब येतात, सुकट गेली तर फक्त वास येतो.” ती हसत म्हणाली, पण तिचा सगळा पावसाळा गेला होता.

शिवाय माल वाचला असता तरी तो विकायचा कुठे? टाळेबंदीत आठवड्याचे बाजार बंद, एसटी बंद, ज्या मिनीडोरमध्ये पाट्या घालून बायका आतल्या गावांत जात त्या बंद. पर्यटक नाहीत म्हणून दिवेआगरसारख्या ठिकाणी घरगुती खाणावळी बंद, आणि खाणावळी बंद म्हणून तिथे भाकऱ्या थापणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, ताजी मासळी पुरवणाऱ्या बायकांचे काम बंद. एका बाईचा धंदा दुसरीच्या धंद्यात अडकलेला असतो. पंचनामा एकेका घरासमोर उभा राहून केला जातो. घराघरांतला हा धागा त्यात दिसत नाही.

आमची चूक

सरकारला बोल लावणे सोपे आहे, म्हणून आमच्याबद्दलही लिहिते. त्या वर्षी मी ज्या संस्थेत होते तिथे आम्हीही एक पाहणी केली. आमचा तक्ता बरा होता असे आम्हाला वाटत होते. त्यात ‘व्यवसाय’ असा रकाना होता, स्त्री आणि पुरुष असा वेगळा. बहुतेक बायकांनी उत्तर दिले, “काही नाही, घरीच असते.” आम्ही ‘गृहिणी’ असे लिहिले आणि पुढच्या घरी गेलो. सुपारी सोलणारी, सुकट विकणारी, खाणावळीत राबणारी, सगळ्या ‘गृहिणी’. सोळा वर्षे पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च सुपारीच्या मजुरीतून करणाऱ्या बाईला आपण व्यवसाय करतो असे वाटत नव्हते. आणि समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेल्या मलाही दुसरा प्रश्न विचारावा असे सुचले नाही.

त्या पाहणीतून निष्कर्ष निघाला की स्त्रियांना रोजगार नाही, म्हणून नवा रोजगार दिला पाहिजे. देणगीदार तयार होता. आम्ही शिलाई यंत्रे वाटली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. गावात आधीपासून दोन बायका शिवणकाम करीत होत्या, त्यांच्याकडे आम्ही चौकशीही केली नव्हती. त्या वर्षी शाळा बंद म्हणून गणवेश नाहीत, लग्ने चार माणसांत म्हणून ब्लाउज नाहीत. जे थोडे काम होते ते डझनभर यंत्रांत वाटले गेले. नव्या बायकांना काही मिळाले नाही आणि जुन्या दोघींचेही गेले. वर्षभरानंतर पुन्हा गेले तेव्हा काही यंत्रांवर कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या होत्या, काही विकली गेली होती. सुपारी सोलणारी ती मावशी पनवेलला एका घरी वृद्धांची देखभाल करायला गेली होती. चोवीस तासांचे काम. तिची दहावीतली मुलगी घर सांभाळत होती.

आमची नियत वाईट नव्हती. पण आम्ही ‘बायकांना काय देता येईल’ हे विचारले. ‘त्या आधी काय करीत होत्या, त्यातले काय तुटले आणि ते जोडायला किती लागेल’ हे विचारले नाही. त्या मावशीला शिलाई यंत्र नको होते. वाड्या पुन्हा धरेपर्यंत दुसरीकडची असोली सुपारी गावात आणून देणारा कोणी, किंवा काही बायकांनी मिळून ती आणण्यासाठी लागणारे थोडे भांडवल, एवढे पाहिले असते तर कदाचित ती घरी राहिली असती. निदान हा विचार आमच्या बैठकीत व्हायला हवा होता. तो झाला नाही.

‘बाजार’ या शब्दाची अढी

आपल्या चळवळीत ‘बाजार’ म्हटले की कपाळाला आठी पडते. त्याला कारण आहे. बाजाराने बाईच्या श्रमाला कायम कमी भाव दिला, आणि अलीकडे तर प्रत्येक गरीब बाईला ‘उद्योजिका’ म्हणून तिच्या गळ्यात कर्ज बांधायची पद्धत पडली आहे. तेव्हा आपत्तीच्या संदर्भात बाजाराची पाहणी वगैरे भाषा ऐकली की ही परदेशी मदत-संस्थांची टूम आहे असे काही मैत्रिणींना वाटते.

माझे म्हणणे वेगळे आहे. बाजारात आपण नव्याने जायचे नाही, गरीब बाई तिथे कधीचीच आहे. आठवड्याच्या बाजारात पाटी घेऊन बसणारी, दुकानदाराकडे खाते असणारी, मुकादमाकडून उचल घेणारी तीच असते. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या दुष्काळावरच्या पुस्तकात १९४३ च्या बंगालचा अभ्यास करून दाखवले की माणसे मेली ती केवळ धान्य नव्हते म्हणून नव्हे. शेतमजूर, कोळी, भात सडून पोट भरणारे अशा लोकांच्या कामाला आणि मालाला भाताच्या तुलनेत काही किंमतच उरली नाही, म्हणून त्यांच्या हाती धान्य घ्यायची ताकद राहिली नाही. बाजारात धान्य असतानाही माणूस उपाशी राहू शकतो. हे कळले की बाजाराची पाहणी म्हणजे व्यापाऱ्यांची बाजू घेणे नव्हे हेही कळते. गरिबाच्या हातातली ताकद कुठे गळाली ते शोधणे म्हणजे बाजाराची पाहणी.

हे न पाहता केलेली मदत उलटते, याचा आमच्या यंत्रांपेक्षा मोठा अनुभवही आहे. पूर आला की शहरांतून ट्रक भरून कपडे, धान्य, बिस्किटे येतात. पहिल्या आठवड्यात हे हवेच असते, तिथे वाद नको. पण गावातले वाण्याचे दुकान धुऊन पुसून उघडल्यानंतरही फुकटचे धान्य महिनाभर येत राहिले की त्या दुकानाचा गल्ला बसतो. आणि वाणी बसला की ज्या बाईला तो वर्षभर उधार देत होता तिची उधारीही संपते. दुकाने उघडी आणि माल उपलब्ध असेल तिथे रोख पैसा, तोही बाईच्या हातात, हीच चांगली मदत. रस्ता तुटलेला आणि दुकान रिकामे असेल तिथे मात्र रोख पैसा देणे म्हणजे भाववाढीला आमंत्रण. तिथे वस्तूच दिल्या पाहिजेत. यातले काय खरे आहे ते मुंबईत बसून ठरत नाही, त्यासाठी बाजार पाहून यावा लागतो.

टपरी, कर्ज आणि कागद

२०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण, महाड, कोल्हापूर, सांगली पाण्याखाली गेले. त्या वेळी सरकारने दुकानदार आणि टपरीधारक यांचाही विचार केला. नुकसानीच्या ७५ टक्के, दुकानदाराला ५०,००० आणि टपरीधारकाला १०,००० रुपयांपर्यंत. हे पाऊल स्वागतार्ह होते. पण अट होती अधिकृत नोंदणीची, परवान्याची. आता रस्त्याच्या कडेला कांदे-बटाटे घेऊन बसणारी, सकाळी वड्याची कढई मांडणारी, गजरे विकणारी बाई कुठे नोंदलेली असते? नगरपालिकेची रोजची पावती तिच्याकडे असते, पण ती कोण जपून ठेवते? आणि ठेवली तरी ती पुरात गेली. कागद नसलेल्या माणसाला आपत्ती दोनदा झोडपते, एकदा पाण्याने आणि एकदा खिडकीवर.

कर्जाचे असेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीच्या कुटुंबांना सानुग्रह अनुदान मिळाले, ग्रामीण भागात १०,००० आणि शहरात १५,००० रुपये. त्याच वेळी मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले चिखल उपसणाऱ्या बायकांच्या दारात उभे राहिले. कर्जमाफीसाठी त्या भागातल्या बायका रस्त्यावर उतरल्या ते उगाच नाही. हप्ता बाईच्या नावे, गट बाईचा, अब्रू बाईची आणि अनुदान मात्र कुटुंबप्रमुखाच्या खात्यात. करोनाच्या वेळी मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिले आणि अनेक बायकांना ही मुभा आहे हेच कोणी सांगितले नाही. उपजीविकेच्या पाहणीत ‘किती कर्ज, कोणाचे, पुढचा हप्ता कधी’ हा प्रश्न नसेल तर ती पाहणी अपुरी आहे. दिलेली मदत आठवड्याभरात कुठे जाणार हे या प्रश्नाच्या उत्तरात असते.

किल्लारीने काय शिकवले

बायका पाहणी करू शकतील का, असे अजूनही विचारले जाते. याचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी मिळाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या बावन्न गावांचे स्थलांतर आणि शेकडो गावांत घरांची दुरुस्ती-मजबुतीकरण अशी दोन कामे होती. दुरुस्तीच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी महिला मंडळांतल्या बायकांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. कोणाला किती रक्कम मिळायची, बांधकाम कसे व्हायला हवे, सिमेंट किती लागते, हे या बायकांनी शिकून घेतले आणि लोकांना सांगितले. इंजिनिअरला प्रश्न विचारले, गवंड्याला अडवले. ज्या बायका एरवी चावडीसमोरून पदर घेऊन जात त्या चावडीवर बसून हिशेब मागू लागल्या.

पण किल्लारीचा दुसराही धडा आहे. स्थलांतर केलेल्या गावांत घरे पक्की झाली, रस्ते सरळ झाले, पण शेत लांब गेले. पूर्वी भिंतीला भिंत लावून राहणारे शेजार विखुरले. गल्लीत बसून कोंबड्या, शेळ्या, दूध, पापड यांचा जो छोटा व्यवहार चाले त्याला नव्या आखीव प्लॉटमध्ये जागा नव्हती. घर बांधणे म्हणजे पुनर्वसन, हे समीकरण तेव्हापासून आपल्या मनात पक्के बसले. घर हवेच. पण घराच्या उंबऱ्यावर बसून जी कमाई होत असे तिचे काय, हा प्रश्न घराच्या नकाशाआधी विचारायचा असतो.

मग काय विचारायचे?

पाहणीसाठी जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी माझ्या अनुभवातून काही गोष्टी मांडते. यात मोठे शास्त्र नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे.

१. ‘व्यवसाय काय?’ असे विचारू नका. ‘मागच्या दिवाळीला पोरांचे कपडे कोणाच्या पैशाने आले? जूनमध्ये वह्या कशातून घेतल्या? आजारपणात पैसे कुठून काढलेत?’ असे विचारा. खर्चापासून मागे गेले की बाईची कमाई सापडते.

२. एका दिवसाचे विचारू नका, वर्षाचे विचारा. कोणत्या महिन्यात काय काम, कोणत्या महिन्यात उपास. आपत्ती वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर आली यावर नुकसान ठरते.

३. मालाची वाट काढा. माल कोणाकडून येतो, रोखीने की उधार, कशातून नेता, कोण विकत घेते. जमिनीवर खडूने ही वाट बायकांकडूनच काढून घ्या आणि कुठे तुटली तिथे खूण करायला सांगा. कधी तुटलेली गोष्ट फक्त एक साकव असतो, आणि तो बांधला की वीस जणींचा धंदा चालू होतो.

४. व्यापारी, दलाल, मिनीडोरवाला यांनाही भेटा. ते आपले मित्र नसतील, पण मालाला गिऱ्हाईक आहे की नाही ते त्यांना ठाऊक असते. आम्ही एकदा कापडदुकानदाराला भेटलो असतो तर शिलाई यंत्रांचा खर्च वाचला असता.

५. उधारी आणि कर्ज यांची वेगळी नोंद करा. देणे जसे विचारता तसे येणेही विचारा. पुरात वही वाहून गेली की बाईची लोकांकडे राहिलेली उधारी बुडते.

६. वेळ मोजा. नळयोजना मोडली, विहिरीत चिखल गेला की पाण्याला दोन तास जास्त जातात. ते बाईच्या कमाईच्या वेळातूनच जातात. कित्येकदा तिच्या धंद्याला मदत म्हणजे आधी नळ दुरुस्त करणे.

७. एकदा जाऊन थांबू नका. पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी, वर्षाने पुन्हा जा. शेळी विकली, गळ्यातले गहाण टाकले, मुलीची शाळा सुटली, घरातले कोणी शहरात गेले, या गोष्टी पहिल्या भेटीत घडलेल्याच नसतात.

अधिकारी एक आक्षेप घेतात. कागदाशिवाय मदत दिली तर खोटी नावे घुसतील. आक्षेप रास्त आहे. त्याला उपायही गावातच आहे. यादीचे चावडीवाचन करा आणि बायकांच्या सभेत करा. कोणाची सुपारी सोलते, कोण बाजारात कुठे बसते हे शेजारणीला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत असते. बायकांच्या सभेत खोटे नाव टिकत नाही, आणि राहून गेलेले नाव सहसा राहत नाही. महिला मंडळाचा दाखला कमाईचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावा, ही मागणी आपण सातत्याने लावून धरली पाहिजे.

पुढच्या पुराआधी

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात सीनेसह अनेक नद्यांनी शेते खरडून नेली. ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी रोख ४७,००० रुपये, मेलेल्या दुधाळ जनावरामागे ३७,५०० रुपये, असे आकडे आपण वाचले. शेतकऱ्याला हे मिळालेच पाहिजे, मिळते ते कमीच आहे. पण सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी करून ज्या भूमिहीन बायका दिवाळी करतात त्यांचे पीक म्हणजे ती मजुरी. शेतकऱ्याचे पीक गेले तेव्हा तेही गेले. तिला रकाना नाही. मग ती मुकादमाकडून जास्त उचल घेते, आणि ऊसतोडीला जाते तेव्हा पुरात गेलेल्या मजुरीचे ओझेही तिच्याबरोबर जाते.

‘आधी घर, मग बाकीचे’ असे सांगणाऱ्यांना म्हणून मी विनवते की ‘मग’ फार उशिरा येतो. विकलेली शेळी परत येत नाही, सुटलेली शाळा सहसा परत धरली जात नाही. आपत्ती आल्यावर तक्ते तयार करत बसण्यापेक्षा आपल्या प्रत्येक गटाने आताच, सुक्या दिवसांत, आपल्या गावातल्या बायकांच्या कामाची यादी करून ठेवावी. कोण काय करते, कुठून आणते, कुठे विकते. एक वही पुरे आहे. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक गावाबाहेरच्या मैत्रिणीकडे ठेवावी, म्हणजे पुरात ती वाहून जाणार नाही.

पुढच्या वेळी कुंपणाशी उभी असलेली बाई “आमचं काय लिहिलंत?” असे विचारील तेव्हा ती वही उघडून दाखवता आली पाहिजे. अशी वही ज्या गटांनी केली असेल किंवा करून पाहतील त्यांनी आपले अनुभव, अडचणी आणि चुकाही या अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवाव्यात. चुका विशेषकरून कळवाव्यात. मी माझी एक आज सांगितली आहे.